पहिली पकड

राजारामपुरी, सातवी गल्ली, जिना चढून डावीकडे.
खुर्ची आडवी झाली तसं वाटलं,
लेथवर आता मीच.

चाळीस वर्षं उद्यमनगरात
लोखंडाला आटे पाडले मी.
आज टायटॅनियमचा आटा
माझ्या खालच्या जबड्यात चालला होता,
जिथली दाढ काढल्याला दोन दिवाळ्या झाल्या.

डॉक्टर नेर्लेकर, माझ्या धाकटीपेक्षाही लहान,
इवल्याशा पान्यानं आवळत होत्या.
कट्ट.
'पस्तीस,' म्हणाल्या, आणि पोरीनं फायलीत लिहिलं.
जीभ बधिर, नाहीतर सांगितलं असतं,
बाई, पाना मलाही कळतो.
आकड्यावर थांबायचं.
वर अजून एक हिसका देतो हावरट,
त्याचेच आटे जातात.

मग त्यावर नखाएवढी खुंटी बसवली
आणि पेनासारखं यंत्र जवळ आणलं.
टेकवलं नाही. नुसतं जवळ.
पिप्.
गालाकडून अठ्ठावन्न.
पुढच्या दाताकडून त्रेसष्ट.

'काय केलंत?' मी कापसाआडून.
'खुंटी चुंबकानं थरथरवली, काका.
किती भरभर थरथरते, त्यावरून कळतं
हाडानं किती धरलंय.'

म्हणजे वाजवून बघितलं.
तेवढं सरळ सांगा की.
फौंड्रीतून माल आला की जिन्नाप्पा
एकेक कास्टिंग तारेला टांगून
हातोडीनं हळूच टिचकी द्यायचा.
चांगलं असलं तर घुमत राहायचं,
चीर असली तर फुटक्या मडक्यागत, बद्द.
त्याला आकडा लागायचा नाही.
आता ऐकू येत नाही म्हणून घरी असतो.

चार आठवड्यांनी पुन्हा पिप्.
एकावन्न.
मी उठूनच बसलो.
अहो, त्या बाजूनं मी भातसुद्धा चावला नव्हता!

'उतरणारच,' त्या हातमोजे काढत म्हणाल्या.
'पहिली पकड आट्याची. आपण रेटून बसवलं म्हणून.
मग दाबलेलं जुनं हाड विरतं,
नवं अजून भरायचं असतं.
त्या मधल्या दिवसांत सगळ्यात ढिलं.'
'मग करायचं काय?'
'काही नाही. हात लावायचा नाही.'

हे कुठल्या मेस्त्रीनं शिकवलं नव्हतं.
आमच्यात ढिलं झालं की आवळतात.

जिना उतरताना नेसरी आठवली.
सतराव्या वर्षी मामानं आणून
शेडमध्ये रेटून बसवलं मला.
पंधरा दिवस बरे गेले, नवा डबा, नवी खाकी.
चौथ्या आठवड्यात मी सीबीएसवर,
बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.
गडहिंग्लजची गाडी लागली.
कंडक्टरनं दोनदा विचारलं, येतोस का रे?
गाडी गेली.
का चढलो नाही, अजून सांगता येत नाही.
त्या दिवशी कोणी माझा आकडा घेतला असता
तर भंगारातच गेलो असतो.

तीन महिन्यांनी एकाहत्तर, त्र्याहत्तर.
डॉक्टरीणबाई खूश. टोपीचं माप घेतलं.
मी खिशातली डायरी काढली,
बुशच्या मापांखाली, त्याच बोथट पेन्सिलीनं
पाचही आकडे लिहून घेतले.
शिकलगार दस्तगीर, खालचा जबडा, उजवीकडे.

संध्याकाळी शेडवर गेलो, उगीचच.
आजऱ्याचं नवं पोरगं, महिना व्हायचाय त्याला,
व्हर्निअर उलटा धरून उभं,
डोळे रस्त्याकडे.
मुकादम म्हणाला, 'मामा, बघा की जरा,
टिकंल का हे?'

मी जवळ गेलो.
खांद्यावर हात ठेवणार होतो, ठेवला नाही.
'एवढ्यात आकडा घेऊ नको,' म्हटलं मुकादमाला,
आणि माझ्यातला अर्धा चहा
पोराच्या बशीत ओतला.